सावित्रीकाठचं देणं

रोज एकाच वेळी, एकाच जागी पाण्यात उतरायचं नाही. महाडला सावित्रीच्या काठी माझं बालपण गेलं, आणि हा नियम मला नानांनी घालून दिला. नाना भोई समाजातले. होडी चालवायची, पाग टाकायचा, मिळेल ती मासळी नानींनी बाजारात न्यायची, असं त्यांचं चालायचं. नियमामागचं कारणही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं. ‘‘आज तू आलीस, ती बघते. उद्या आलीस, ती बघते. परवा ती तुझ्याआधी येऊन बसलेली असते.’’

ती म्हणजे मगर.

पुढे मी प्राणिशास्त्र शिकले, शिकवलं, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बुद्धीविषयी जे छापून आलं ते मिळेल तसं वाचत गेले. त्या सगळ्या वाचनात नानांच्या या तीन वाक्यांना खोटं पाडणारं काही मला सापडलेलं नाही. जागा ओळखणं, वेळ लक्षात ठेवणं, त्यावरून पुढचं ताडणं, हे सगळं त्यात आलेलं आहे. ज्या काळात मोठमोठ्या विद्यापीठांत ‘सरपटणारे प्राणी फारसं शिकत नाहीत’ असं शिकवलं जात होतं, त्या काळात सावित्रीवरचा एक माणूस त्यांच्या शिकण्यावर आपल्या घरच्यांचा जीव सांभाळून होता. ही विद्या त्याने मला फुकट दिली.

आमचं घर घाटापासून जवळ. बाबा शाळेत शिक्षक. थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नाना होडी काढायचे तेव्हा मी काठावर उभी असायची, आणि एके दिवशी त्यांनी ‘बस’ अशी नुसती मान हलवली. मुलीच्या जातीनं मगरींच्या नदीत कशाला जायचं, म्हणून आजीनं घर डोक्यावर घेतलं. बाबांनी नानांना बोलावून विचारलं. नाना म्हणाले, ‘‘गुरुजी, पोर बघते. बघणारं पोर पाण्यात पडत नाही.’’ तेवढ्यावर मला परवानगी मिळाली. नानी फडक्यात भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायच्या, त्यात माझी भाकरी वेगळी असायची. ते देणंही मी मोजतेच आहे.

होडीत बोलायचं नाही, हात झटकन वर करायचा नाही, उभं राहायचं नाही. ऊन वर आलं की मगरी वाळूवर चढायच्या आणि तास न् तास जबडा उघडा टाकून पडून राहायच्या. लहान मुलीला तो वेळ फार लांब वाटतो. मी चुळबुळ करायला लागले की नाना हळूच म्हणायचे, ‘‘हलू नको, बाय. तिनं आपल्याला कधीच बघितलंय. आता आपण काय करतो ते बघत्ये.’’ आम्ही मगर बघायला आलो आहोत एवढंच माझ्या डोक्यात होतं. मगरही आम्हाला बघायला तिथे आहे, हे माझ्या मनात त्यांनी घातलं.

नानांनी मगरींना नावं ठेवली नव्हती, पण ओळखायचे सगळ्यांना. शेपटीचे दोन काटे तुटलेली, जबड्याच्या डाव्या बाजूला पांढरा वण असलेली, सगळ्यात शेवटी वाळूवर येणारी. मटणाच्या दुकानांतला टाकाऊ भाग नदीत पडायचा त्या जागी रविवारी कोण किती आधी येऊन थांबतं, हे त्यांना ठाऊक होतं. पाण्याचा पंप सुरू झाला तर मगरी हलत नाहीत, पण सुरुंगाचा आवाज आला की दुसऱ्या दिवशीसुद्धा त्या बाजूला फिरकत नाहीत, हेही त्यांनीच दाखवलं.

एका थंडीत त्यांच्या मनात आलं, मगरी ओळखतात त्या होडीला की माणसाला? त्यांची होडी जवळून गेली तरी वाळूवरच्या मगरी तशाच पडून राहायच्या. रेती काढणाऱ्यांची होडी वळणावर दिसली की एकेक करून पाण्यात शिरायच्या. नानांनी आपली होडी मेव्हण्याला दिली आणि मला घेऊन काठावरच्या करंजाआड बसले. होडी नेहमीचीच होती, तरी ती अर्ध्या वाटेवर असतानाच मगरी सरकल्या. मग नाना मेव्हण्याची होडी घेऊन गेले, आणि या वेळी मगरी बसून राहिल्या. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. नाना काठावर येऊन म्हणाले, ‘‘वल्ह्याचा आवाज असेल. नाहीतर मेव्हणा उंच आहे, त्याचं डोकं लांबून दिसत असेल. दोनदा झालं म्हणून खरं होत नाही.’’ पुढच्या खेपेला त्यांनी मेव्हण्याला वाकून वल्हवायला लावलं. उरलेली थंडी हेच चाललं होतं. शेवटी त्यांचा कल वल्ह्याच्या ठेक्याकडे झुकला, पण ‘नक्की’ हा शब्द त्यांनी वापरला नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं, हे मी पुढे प्रयोगशाळेत शिकले. पण ते तिथे मला नवं नव्हतं.

पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा वर्गात मेंदूचं चित्र फळ्यावर आलं. सगळ्यात आत सरपटणाऱ्यांचा मेंदू, त्याच्यावर भावनांचा, आणि सगळ्यात वर विचार करणारा, आपला. आतला भाग फक्त भूक, भीती, हल्ला आणि वीण एवढंच जाणतो, असं शिक्षकांनी सांगितलं. ही मांडणी पॉल मॅक्लीन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाची, १९६० च्या दशकातली. कार्ल सेगन यांच्या १९७७ मधल्या ‘द ड्रॅगन्स ऑफ ईडन’ या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. चित्र इतकं सुबक होतं की अजूनही माणसं रागाच्या भरात केलेल्या गोष्टींचं खापर आपल्या ‘आतल्या सरड्यावर’ फोडतात.

ती मांडणी चुकीची आहे हे आता मेंदूचा अभ्यास करणारे स्पष्ट सांगतात. सरपटणाऱ्यांचा आणि सस्तन प्राण्यांचा वंश सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला, आणि तेव्हापासून दोन्हीकडचे मेंदू आपापल्या वाटेने बदलत आले. आपल्या मेंदूच्या तळाशी कुणी सरडा बसलेला नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत जिल लॉरां यांच्या गटाने २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या सरड्याच्या मेंदूतल्या पेशी एकेक करून तपासल्या. मेंदूच्या जवळजवळ प्रत्येक भागात जुन्या आणि नव्या जातीच्या पेशी मिसळलेल्या दिसल्या. याच गटाने २०१६ मध्ये दाखवलं होतं की हा सरडा झोपतो तेव्हा त्याच्या मेंदूत आपल्यासारख्याच दोन तऱ्हेच्या झोपा आळीपाळीने येतात. आपल्याला ज्या झोपेत स्वप्नं पडतात तिच्यासारखी एक, आणि गाढ झोपेसारखी दुसरी.

पण एक गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सरपटणाऱ्यांचा मेंदू लहान असतो. त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मेंदूच्या साधारण एक दशांश. चेतापेशीही पक्षी आणि सस्तन प्राण्यांपेक्षा कितीतरी कमी. कावळा किंवा चिंपांझी जे करून दाखवतात ते कुठल्याही घोरपडीनं केलेलं नाही. ज्याला आपण आप्त मानतो त्याचं कौतुक करताना माप वाढवू नये असं मला वाटतं. नानांनी तर ते वाढवू दिलंच नसतं. मात्र मगर खाते त्यालाही माप आहे. अंगातली ऊब उन्हातून घेणाऱ्या प्राण्याचं त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या अन्नाच्या एका लहानशा हिश्श्यावर भागतं, आणि मोठी मगर महिनोन् महिने उपाशी राहू शकते. इतक्या थोड्या मिळकतीत हा प्राणी किती शिकतो, असा प्रश्न विचारला की चित्र वेगळं दिसायला लागतं.

आणि तो प्रश्न विचारायलाच विज्ञानानं फार उशीर केला. उंदरांसाठी बांधलेल्या चक्रव्यूहात साप ठेवायचे. खोली उंदराला आणि माणसाला सोसेल इतपत गार. शेवटी बक्षीस म्हणून खाऊ. गारठलेला साप हलेना, आणि हलला तरी खाऊकडे वळेना, कारण पोट भरलेलं असलं की त्याला आठवडाभर दुसऱ्या घासाची गरजच नसते. निष्कर्ष निघाला की साप मठ्ठ आहे. असं पुष्कळ वर्षं चाललं, आणि मला त्याचा अजूनही राग येतो. त्या प्रयोगांत प्राण्याला काय हवं आहे हे कुणी विचारलंच नव्हतं.

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड होल्ट्झमन यांनी ते विचारलं. १९९९ मध्ये त्यांचं काम प्रसिद्ध झालं तेव्हा मी नोकरीला लागले होते, आणि ग्रंथालयात उभ्या उभ्या तो लेख वाचल्याचं मला आठवतं. त्यांनी कॉर्न स्नेक जातीचे साप घेतले आणि एका मोठ्या, गोल, उघड्या टबात सोडले. तळाला आठ भोकं. सात बंद, एक उघडं. उघड्या भोकाखाली अंधारी, सुरक्षित जागा. सापाला खाऊ नको होता, त्याला लपायला जागा हवी होती. वर झगझगीत दिवे, उघडं रान, आणि कुठेतरी एक बीळ. चार दिवसांत साप ते बीळ शिकले. दिवसागणिक कमी वेळात तिथे पोचायला लागले. भिंतीवर लावलेली खूण आणि आसपासच्या वस्तू यांवरून ते जागा हेरत होते, आणि त्यातही लहान साप आणि मोठे साप वेगवेगळ्या खुणांवर विसंबत होते.

तो लेख वाचून मी नानांना पत्र लिहिलं. पत्र नानींचा धाकटा वाचून दाखवायचा. उत्तर आलं ते दोन ओळींचं: साप बिळाकडे जातो हे शोधायला टब कशाला, आणि त्या साहेबानं साप परत त्यांच्या जागी सोडले का. पहिल्या वाक्याशी माझं जुळलं नाही, दुसऱ्यापाशी मी बराच वेळ थांबले.

त्यानंतरच्या पंचवीसएक वर्षांत असं काम वाढत गेलं. सगळं सांगत बसत नाही, पण लाल पायांच्या कासवाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमधल्या ॲना विल्किन्सन यांच्याकडे मोझेस नावाचं एक कासव होतं. आठ वाटा फुटलेल्या चक्रव्यूहात प्रत्येक वाटेच्या टोकाला खाऊचा तुकडा. उंदरांची स्मरणशक्ती मोजायला हा चक्रव्यूह १९७० च्या दशकापासून वापरतात. एकदा रिकाम्या केलेल्या वाटेत पुन्हा शिरायचं नाही, एवढीच परीक्षा. मोझेस उत्तीर्ण झाला. खोलीतल्या वस्तू बघून कुठे जाऊन आलो हे तो लक्षात ठेवत होता. मग चक्रव्यूहाभोवती पडदे लावले आणि त्या खुणा झाकल्या. मोझेसनं रीत बदलली. ज्या वाटेतून बाहेर आला तिच्या शेजारच्या वाटेत शिरायचं, मग तिच्या शेजारच्या. आठवण काढण्याची गरजच संपवली. २००७ आणि २००९ मधले हे प्रयोग एकाच कासवावरचे होते, त्यामुळे ते जपून वापरायला हवेत. पण २०१० मध्ये त्यांनीच दाखवलं की ही कासवं एकमेकांना बघून शिकतात. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या जाळीपलीकडे खाऊ ठेवला, तेव्हा एकेकट्या कासवांना वळसा घालायचं सुचेना. शिकलेल्या कासवाला तो वळसा घालताना पाहिल्यावर मात्र जमलं. ही जात एकलकोंडी आहे. कळपात राहणाऱ्यांनाच दुसऱ्याकडून शिकता येतं, अशी तोवर अनेकांची समजूत होती.

पोर्तो रिकोतल्या झाडांवर राहणाऱ्या एका ॲनोल सरड्याचंही असंच. ड्यूक विद्यापीठातले मानुएल लेआल आणि ब्रायन पॉवेल यांनी २०११ मध्ये खळग्यात अळी ठेवून त्यावर घट्ट झाकण बसवलं. रानात असलं झाकण उघडायची वेळ या सरड्यावर कधी येत नाही. सहांपैकी चौघांनी ते उघडलं. कुणी तोंडाने चावून काढलं, कुणी नाक खाली घालून उचकटलं. पक्ष्यांना अशा चाचणीत दिवसाला अनेक संधी देतात. सरड्याचं पोट लवकर भरतं म्हणून त्याला दिवसाला एकच मिळाली, तरीही ते शिकले. डॅलसच्या प्राणिसंग्रहालयात काळ्या गळ्याच्या आठ तरुण घोरपडींपुढे दार असलेली पारदर्शक नळी ठेवली, आत उंदीर. दहा मिनिटांच्या आत आठही जणींनी दार उघडून उंदीर काढले, आणि दुसऱ्या वेळी त्याहून चटकन.

वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतलं एक मऊ पाठीचं कासव कित्येक दशकं एका टाकीत राहत होतं. ते आपलंच अंग नखांनी ओरबाडून जखमा करून घ्यायचं. त्याच्या टाकीत चेंडू, काठ्या आणि रबरी नळी सोडली. ते त्यांच्याशी खेळायला लागलं, नळीची ओढाताण करायला लागलं, आणि ओरबाडणं बरंच कमी झालं. टेनेसी विद्यापीठातल्या गॉर्डन बर्गहार्ट यांनी हे नोंदवलं. काचेच्या पेटीत आयुष्यभर ठेवलेल्या अजगरासमोर उभी राहिले की मला ते कासव आठवतं, आणि तिथून लवकर निघावंसं वाटतं.

विद्यार्थ्यांना घेऊन मी चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत गेले होते. रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेली ही संस्था महाबलीपुरमच्या वाटेवर समुद्राला लागून आहे. तिथे मगरींना नावाने हाक मारली की ती ती मगर पुढे येते, बाकीच्या जागेवर थांबतात. माझ्या मुलांचे डोळे विस्फारले. मी मात्र तिथे दुसऱ्याच एका गोष्टीसाठी गेले होते. नाना नेहमी म्हणायचे, पिल्लांना घ्यायला बापही येतो. मगरीण वाळूत अंडी घालते, दोनेक महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, पिल्लं आतून आवाज करतात, तो ऐकून ती वाळू उकरते आणि पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते. एवढं माझ्या पुस्तकांत होतं, आणि त्यात फक्त आई होती. क्रोकोडाइल बँकेत मला तिथल्याच मगरींवरचा, १९८६ मधला शोधनिबंध वाचायला मिळाला. जेफ्री लँग, व्हिटेकर आणि हॅरी अँड्र्यूज यांनी लिहिलं होतं की नर मगरीही पिल्लांना पाण्यात नेतात आणि राखतात. मी बाहेर येऊन महाडला फोन लावला. नानांना त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसलं नाही. ते विचारत होते की तिथल्या मगरींना पोहायला पाणी किती आहे.

त्याच ठिकाणी २००७ मध्ये संशोधक व्लादिमीर डिनेट्स यांना मगरी नाकाडावर काटक्या घेऊन उथळ पाण्यात निश्चल पडलेल्या दिसल्या होत्या. वर झाडांवर बगळ्यांची घरटी. घरट्यासाठी काटकी उचलायला बगळा खाली उतरला की मगर झडप घालायची. पुढे अमेरिकेतल्या लुइझियानामध्ये त्यांनी तिथल्या ॲलिगेटरांची वर्षभर नोंद ठेवली, आणि बगळ्यांच्या विणीच्या दिवसांत काटक्या घेऊन पडण्याचं प्रमाण वाढतं असं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं. सरपटणाऱ्या प्राण्यानं आमिष वापरल्याची ही बातमी जगभर गाजली. मी ती नानांना सांगितली तेव्हा ते जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, ‘‘बगळे घरटी बांधतात तेव्हा काटक्या खाली पडतातच. पाण्यात काटक्या जास्त, म्हणून मगरीच्या अंगावर जास्त. का तिनं त्या उचलल्या? ते कुणी बघितलं?’’ डिनेट्स यांच्या निष्कर्षावर नंतर शंका घेतल्या गेल्या त्या याच दिशेच्या होत्या. वाद मिटलेला नाही. मला स्वतःला मगर आमिष लावत असावी असंच वाटतं, पण हे वाटणं आहे, आणि त्याला वाटणंच म्हणायची शिस्त मला ज्या पंगतीत मिळाली तिथे जमिनीवर बसून आम्ही भात-कालवण खात होतो.

मग २०२३ साल आलं, आणि खुद्द सावित्रीचं नाव छापून आलं. उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांनी महाडजवळच्या मगरींवर केलेल्या निरीक्षणांचा लेख ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातला एक प्रसंग वर्तमानपत्रांनी उचलून धरला. भटक्या कुत्र्यांनी पाठलाग केलेलं एक कुत्रं उथळ पाण्यात शिरलं. जवळच तीन मोठ्या मगरी पाण्यावर तरंगत होत्या. त्याला सहज धरता येईल इतक्या अंतरावर त्या आल्या, पण त्यांनी त्याला धरलं नाही. दोघींनी नाकाडानं ढोसत ढोसत त्याला वळवलं आणि जिथे कुत्र्यांची टोळी नव्हती अशा काठाकडे नेलं. लेखकांनी हे दुसऱ्या जातीच्या जिवाबद्दलच्या कणवेचं उदाहरण असू शकेल असं मांडलं. झेंडूच्या फुलांचंही त्यात आहे. निर्माल्यातली झेंडूची फुलं तरंगत येतात त्या जागी मगरी जाऊन पडतात, फुलांना अंग लावून राहतात. नदीचं पाणी सांडपाण्यानं बिघडलेलं आहे, आणि झेंडूत जंतू मारणारी द्रव्यं असतात. मगरी त्यासाठी येत असतील का, असा प्रश्न लेखकांनी केला आहे.

मी लेख छापून घेतला आणि महाडला गेले. नाना आता ऐंशीच्या घरात, ऐकायला कमी येतं, पायाला सूज असते. पडवीत बसून मी त्यांना एकेक परिच्छेद मराठीत सांगितला. कुत्र्याच्या गोष्टीवर त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. महिना कुठला होता? त्या मगरी त्याच जागेवर आदल्या दिवशी काय खाऊन होत्या? आणि त्या कुठल्या मगरी, त्यांच्या अंगावर खुणा काय? ‘‘पोट भरलेली मगर कुत्र्याला खात नाही, हे मी शंभर वेळा बघितलंय. पण न खाणं निराळं आणि ढोसून काठावर नेणं निराळं. ढोसताना मी नाही बघितलं.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलं. नाही म्हणायचा मला हक्क नाही.’’

झेंडूबद्दल मात्र ते ताठ झाले. फुलांत मगरी त्यांनीही पाहिल्या होत्या. ‘‘फुलं पाण्याच्या संथ कोपऱ्यात अडकतात. मगरही संथ कोपऱ्यातच पडते. फुलं नसतील तेव्हा ती त्या कोपऱ्यात येते का, ते मोजा म्हणावं.’’

इतकं नेमकं परीक्षण मी फार थोड्या तज्ज्ञांकडून ऐकलं आहे, आणि त्यात त्या दोन संशोधकांबद्दल तुच्छता नव्हती. आपल्या नदीकडे कुणीतरी शिकलेल्या माणसांनी लक्ष दिलं याचा त्यांना अभिमान वाटत होता. लेखातला मगरींचा फोटो त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन निरखला आणि वण असलेली आहे का ते शोधलं.

मला कुणी विचारतं, मगर कुत्र्याइतकी हुशार असते का? असं एका शिडीवर सगळ्यांना बसवणं मला पटत नाही. अमेरिकेत केन लोमन यांच्या गटाने कितीतरी वर्षं समुद्री कासवांवर काम करून दाखवलं आहे की ती पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा आणि ठिकाण ओळखतात. २०२५ मध्ये याच गटाने ‘नेचर’मध्ये लिहिलं, की एखाद्या ठिकाणच्या चुंबकीय खुणेपाशी खाऊ मिळाला तर कासवाचं पिल्लू ती खूण शिकून ठेवतं आणि पुन्हा तसंच चुंबकत्व भेटलं की पाय मारत नाचतं. ओडिशात २०२१ मध्ये खुणेचा बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण त्याच २०२५ साली आमच्या कोकणात गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आली. पूर्वेच्या किनाऱ्यावरून पार पश्चिमेच्या किनाऱ्यावर. कुत्र्याला हे विचारलं तर ते नापास होईल, पण म्हणून ते मठ्ठ ठरत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी तुलना करू देते, फक्त आधी दोन्ही प्राण्यांना काय हवं असतं ते लिहायला लावते. ती अट नानांकडून आलेली आहे. त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही.

जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडालं तेव्हा नानांची होडी गेली. जुन्या वह्या, माझी पत्रं, नानींची भांडी, सगळंच गेलं. पुरानं डोह भरले, दांडे सरकले, आणि मगरींनी अंडी घालायच्या जागा बदलल्या. नव्या होडीसाठी आम्ही काहीजणांनी पैसे जमवले. नानांनी ते घेतले, पण होडी मुलाच्या नावावर केली आणि मला सांगून टाकलं की यानं काही फिटलं असं समजू नको. ‘‘तू लिहितेस ना? मग हे लिही.’’

तेव्हापासून मी जाते तेव्हा वही घेऊन जाते. कुठल्या साली कुठला डोह किती खोल होता, कुठल्या काठावर अंडी होती, कुठल्या मगरीनं कुठली जागा सोडली आणि तिच्या जागी कोण आलं, पंपाला त्या केव्हापासून सरावल्या, कुठल्या भोयानं सकाळचा नियम मोडला आणि काय झालं. साल आठवत नसेल तर ते घरातलं लग्न किंवा पूर सांगतात आणि मी त्यावरून साल काढते. काही ठिकाणी त्यांचा मेव्हणा वेगळं सांगतो. तिथे मी दोघांचंही लिहिते. वहीतलं काही मी वनखात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याला दाखवलं, आणि दोन घरट्यांच्या जागांभोवती रेती काढणं त्या हंगामापुरतं थांबलं. नानांना ते कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, पिल्लं किती निघाली. मी मोजलं नव्हतं. त्या अधिकाऱ्याला विचारून सांगितलं.

गांधारी जिथे सावित्रीला मिळते तिथल्या मगरींचं अजून लिहायचं राहिलं आहे. तिथे नानांपेक्षा नानींच्या माहेरच्यांचा वावर जास्त होता, म्हणून या थंडीत नानींना घेऊन तिकडे जायचं ठरलं आहे. त्यांनी भाकरी-सुकट बरोबर घ्यायला सांगितली आहे, आणि सकाळी निघायची वेळ रोज वेगळी ठेवायलाही.